एकतीस बास्केट, स्क्रीन एकही नाही

सांगली, रविवार रात्र

चि. खेळाडूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा व्हिडिओ तीनदा पाहिला. पहिल्यांदा मोबाइलवर, नंतर दोनदा मुलीच्या लॅपटॉपवर आवाज बंद करून. त्या गाण्यामुळे तू आहेस त्यापेक्षा चपळ वाटतोस. चार मिनिटं दहा सेकंद. बास्केट मोजली, एकतीस भरली. खाली तू विचारलंयस, ‘सर, परदेशात प्रोफेशनल खेळायचंय. ६ फूट ४ इंचाला चान्स आहे का?’

गेल्या महिन्यात निवड शिबिरातून तुला परत पाठवलं, तेव्हा कोणी तरी म्हणालं म्हणे की तू सेंटरला, म्हणजे रिंगजवळच्या सर्वांत उंच माणसाच्या जागेला, बुटका आणि त्याच्या बाजूनं खेळणाऱ्या फॉरवर्डला जड. ते तुला लागलंय, हे या व्हिडिओवरूनच कळतं. प्रत्येक क्लिप कोणाला तरी उत्तर दिल्यासारखी आहे. मला मात्र त्यातली सातवी क्लिप खटकली. तू उजव्या कोपऱ्यात बास्केट करतोस, ते ठीक. पण त्याआधीचे चार सेकंद कापायचे राहून गेलेत. तुमचा गार्ड, चेंडू वर आणणारा, एकटा अडकलाय, अंगावर दोघं धावून आलेत, आणि तू कमरेवर हात ठेवून उभा आहेस. त्यानं कसाबसा पास काढला म्हणून तुझं बास्केट झालं.

उंचीचं नंतर बोलू. आधी एका माणसाबद्दल लिहितो. काईल हाइन्स. तुझ्या फोनमधल्या रील्समध्ये हा नसणार. एनबीए या अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या मोसमातला एकही सामना तो खेळला नाही.

२०१० साली मी कंपनीच्या कामासाठी जर्मनीत एर्लांगेनला होतो. तिथून बांबेर्ग रेल्वेनं जवळच. सत्तर हजारांच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्या इस्लामपूरएवढं गाव, पण बास्केटबॉलचं असं वेड की लोक स्वतःच गावाला ‘फ्रीक सिटी’ म्हणतात. तिथली धुराच्या वासाची बिअर प्रसिद्ध आहे. मला तिला चुलीवर भाजलेल्या वांग्याचा वास आला, एका घोटावर थांबलो. पण सामन्यांना जात राहिलो. स्वस्तातलं तिकीट बास्केटच्या मागचं मिळायचं आणि त्याचा एक फायदा होता. टीव्हीवर चेंडू दिसतो, बास्केटच्या मागून माणसं दिसतात.

त्या मोसमात इटलीहून एक नवा अमेरिकन आला होता. सराव चालू असताना शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, हा गार्ड का? तो हसला आणि म्हणाला, हा आमचा सेंटर. १ मीटर ९८, म्हणजे साडेसहा फूट. समोरचा सेंटर याच्यापेक्षा वीतभर तरी उंच. वजन मात्र शंभर किलोंच्या वर, मांड्या तालमीतल्या पैलवानासारख्या, आणि हात इतके लांब की दुसऱ्या कोणाचे तरी बसवलेत असं वाटावं.

पहिल्या सामन्यात त्यानं किती गुण केले ते आठवत नाही. स्क्रीन कसा लावला, म्हणजे आपल्या गार्डमागे लागलेल्या बचावपटूच्या वाटेत अंग घालून कसा उभा राहिला, ते आठवतं. गार्ड वरून ड्रिबल करत येतोय. हाइन्स खालून धावत वर येतो, शेवटच्या दोन पावलांत एकदम थांबतो, पाय खांद्यांपेक्षा रुंद, हात छातीशी आवळलेले. गार्ड त्याच्या इतक्या जवळून जातो की गार्डचा खांदा त्याच्या कमरेला घासतो, मध्ये वर्तमानपत्र सरकवायला जागा नाही. मागून येणारा बचावपटू त्याच्या छातीवर आदळतो. आणि आता खरी गंमत, हाइन्स आदळणं अंगात मुरेपर्यंत थांबतो. अर्धा सेकंद. मग वळतो आणि बास्केटकडे निघतो. तू सुटतोस ते धक्का लागायच्या आधीच. तुझ्या क्लिपांमध्ये तू ज्याला स्क्रीन म्हणतोस, ते रस्त्यात भेटून ‘काय, बरं आहे ना’ म्हणण्यासारखं आहे.

मला हे एवढं का डाचतं ते सांगतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेत शेवटच्या मिनिटाला आमच्या सरांनी मला गार्डसाठी स्क्रीन लावायला सांगितला होता. आम्ही एका गुणानं मागे. मला चेंडूची घाई. मी न टेकताच वळलो, पास मागायला हात वर केला, आणि आमच्या गार्डच्या हातातला चेंडू त्याच्या माणसानं काढून नेला. त्या गार्डचं आज मिरजेत औषधांचं दुकान आहे. अजूनही बीपीच्या गोळ्या देताना मला म्हणतो, ‘पैसे दे आणि मग वळ.’

तर हाइन्स. न्यू जर्सीचा मुलगा, ग्रीन्सबोरो नावाच्या फारशा नाव नसलेल्या विद्यापीठाकडून चार वर्षं खेळला. तिथे दोन हजारांवर गुण, हजारावर रिबाउंड, तीनशेवर ब्लॉक. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये हे तिन्ही आकडे एकाच्या नावावर असणं फार दुर्मीळ. तरी २००८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याचं नाव कोणी घेतलं नाही. साडेसहा फुटी सेंटर कोणाला हवाय? तो इटलीतल्या वेरोली नावाच्या छोट्या गावाच्या संघात गेला, तोही दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये. तिथे दोन वर्षं काढली. या दोन वर्षांबद्दल फारसं लिहिलेलं सापडत नाही, पण माझ्या मते त्याची कारकीर्द तिथेच ठरली. कॉलेजात ज्यानं सगळं स्वतः केलं, तो तिथून निघाला तेव्हा दुसऱ्याचा खेळ सोपा करणारा झाला होता.

बांबेर्गला एकच मोसम. जर्मन लीगच्या अंतिम फेरीत बर्लिनच्या आल्बाशी पाच सामने झाले, ३–२ अशी मालिका जिंकली. त्या वेळी आमच्या गल्लीतला बेकरीवालाही पावाबरोबर डिफेन्सवर बोलायचा. लगेच ग्रीसच्या ऑलिंपियाकोस क्लबनं हाइन्सला उचललं.

२०१२ची युरोलीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा, तिची फायनल, इस्तंबूल, मॉस्कोच्या सीएसकेएविरुद्ध. ऑलिंपियाकोस तिसऱ्या क्वार्टरमध्ये १९ गुणांनी मागे होता. सामना संपला ६२–६१. सीएसकेएच्या शिश्काउस्कासचे दोन फ्री थ्रो शेवटच्या दहा सेकंदांत हुकले, ऑलिंपियाकोसचा स्पानुलिस चेंडू घेऊन पळाला, दोघांना स्वतःकडे ओढलं, आणि त्याच्याच संघातल्या प्रिंटेझिसनं ०.७ सेकंद शिल्लक असताना चेंडू वरून टाकला. नोंदवहीत बास्केट प्रिंटेझिसच्या नावावर, पास स्पानुलिसच्या. पण १९ गुण भरून निघाले ते सीएसकेएला जवळजवळ काहीच करू न दिल्यामुळे, आणि त्याचा रकाना नोंदवहीत नसतो. पुढच्या वर्षी लंडनला रेआल माद्रिदनं पहिल्या क्वार्टरमध्ये २७–१० केलं. ऑलिंपियाकोस १००–८८ने जिंकला. मग ज्या सीएसकेएला दोन्ही वर्षी याच्या संघानं रडवलं, त्यांनीच २०१३मध्ये याला करारबद्ध केलं. तिथे सात मोसम, २०१६ आणि २०१९ची युरोलीग. मग चार वर्षं मिलान. २०२४मध्ये निवृत्त.

या सगळ्या काळात युरोलीगमधली त्याची गुणांची सरासरी दोन आकडी झाली नाही. मोसमातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून मात्र तीनदा निवड झाली, २०१६, २०१८ आणि २०२२. शेवटच्या वेळी तो पस्तिशीचा होता. हा पुरस्कार प्रशिक्षकांच्या मतांनी ठरतो. ज्यांना रात्री बसून त्याच्याविरुद्ध डाव आखावा लागतो, त्यांची मतं.

आता त्याला एवढी मागणी का, ते खेळाच्या भाषेत सांगतो. हे नीट वाच, बाकीचं पत्र विसरलास तरी चालेल.

पिक अँड रोल म्हणजे काय? गार्डला स्क्रीन मिळाला की त्याचा माणूस क्षणभर मागे राहतो. तेवढ्या क्षणात बचावाचा सेंटर एकटा आणि समोर आपले दोघं. बास्केटबॉलमधली कितीतरी बास्केट या एका क्षणाच्या व्याजावर होतात. बचाव करणाऱ्यांनी हा क्षण भरून काढायला कोणी तरी मदतीला पाठवला की दुसरीकडे तिसरा मोकळा. पण तुमचा सेंटरच जर गार्डला स्वतःच्या अंगावर घेऊ शकला आणि तुमचा गार्ड त्यांच्या सेंटरला तेवढा वेळ धरून राहिला, तर तो क्षण तयारच होत नाही. मदत नको, धावपळ नको, पाच विरुद्ध पाच तसंच राहिलं. हा झाला स्विच. सात फुटी सेंटरला ते जमत नाही, चपळ गार्ड त्याला दोन ड्रिबलमध्ये मागे टाकतो. हाइन्सला जमायचं. ज्या उंचीमुळे ड्राफ्टमध्ये त्याला नाकारलं, त्याच उंचीवर त्यानं हे दुकान थाटलं.

गार्डसमोर तो कसा उभा राहतो ते पाहा. नितंब खाली, पाठ सरळ, एक हात गार्डच्या चेंडूसमोर, दुसरा पासच्या वाटेत. हातानं चेंडू खेचायला जात नाही. पाय आपटत नाही, सरकवतो. गार्ड मागे सरून शॉट घेतो तेव्हा तो उडी उशिरा मारतो, कारण लांब हातांमुळे त्याला उशीर परवडतो. तुझे दोन्ही हात पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंत किती भरतात, ते मी मोजलेलं नाही. शनिवारी भिंतीला उभा करून मोजू. उंचीपेक्षा तो आकडा मला जास्त हवाय.

आणि बोलणं! सामना टीव्हीवर बघताना ऐकू येत नाही, मला बास्केटमागून ऐकू यायचं. सेंटरला समोर सगळं मैदान दिसतं, गार्डला पाठीमागून येणारा स्क्रीन दिसत नाही. म्हणून सेंटरनं सांगायचं असतं. हाइन्स स्क्रीन लागायच्या एक पाऊल आधी ओरडायचा, डावीकडून की उजवीकडून, स्विच करायचा की नाही. तू मैदानावर मुका असतोस. घरी तुझी आई म्हणते की तू बोलतोच कुठे, ती गोष्ट वेगळी.

आता आक्रमणात. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी खेळताना बचावाच्या सेंटरवर तीन सेकंदांत रिंगखालच्या रंगवलेल्या भागातून बाहेर पडायचं बंधन नाही, ते एनबीएत आहे. त्यामुळे युरोपात रिंगखाली कायम एक धिप्पाड पहारेकरी उभा. स्क्रीन लावून सरळ रिंगकडे पळालास तर तू त्याच्या पोटावर जाऊन आदळणार. हाइन्स मध्येच, फ्री थ्रो लाइनच्या आसपास, चेंडू घ्यायचा. तिथे त्याच्याकडे एक सेकंद असायचा. पहारेकरी पुढे आला तर कोपऱ्यात पास, नाही आला तर एक ड्रिबल टाकून खांद्यानं जागा करून डाव्या-उजव्या कुठल्याही हातानं हलकेच वर. हे एक सेकंदाचं गणित त्याला तोंडपाठ होतं. तुझ्या एकतीसपैकी एकाही बास्केटमध्ये तू तिथे चेंडू घेतलेला नाहीस.

त्याच्यातलं एक मात्र उचलू नकोस. तीन गुणांच्या रेषेबाहेरून तो जवळपास टाकतच नसे. त्याला ते खपलं, कारण बाकी सगळं तेवढं पक्कं होतं आणि काळ थोडा वेगळा होता. तुला खपणार नाही. ६.७५ मीटरवरून, थांबून, हात वर असलेल्या माणसासमोर टाकलेल्या दहापैकी चार तरी गेले पाहिजेत. तू साडेसहा फूट नाहीस, दोन इंच कमी आहेस, आणि त्या दोन इंचांची भरपाई कुठून तरी करावीच लागेल. आता कळलं, उंचीचा प्रश्न मी टाळत नाही.

परदेशाचंही गोड बोलत नाही. बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, आणि क्लब त्या अमेरिकनांना देतात. आपल्याकडचे जे गेले ते बहुधा उंचीवर किंवा असामान्य हातावर गेले. २०१७मध्ये अमृतपाल सिंग सिडनी किंग्जकडे गेला, तो सात फुटांच्या जवळपास. विशेष भृगुवंशी त्याच वर्षी अॅडलेडला गेला, तो गार्ड आणि भारताचा कर्णधार. तुझ्यासारख्या मधल्या उंचीच्या फॉरवर्डला तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या लीगपासून सुरुवात करावी लागेल, जिथे पगारापेक्षा राहायची खोली आणि दोन वेळचं जेवण महत्त्वाचं असतं. एक वर्षाचा करार, तोही मध्येच मोडू शकतो. नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला अंधार पडतो. बांबेर्गच्या एका सामन्यानंतर मी रिकाम्या स्टेशनवर रात्री अकराला थंडीत उभा होतो, नोकरी पक्की असूनही रडू आलं होतं. तुझं वय त्या वेळी माझ्यापेक्षा निम्मं असेल आणि नोकरीही पक्की नसेल.

तरी जायचं असेल तर तीन गोष्टी आईसमोर वाच. एजंटला आधी पैसे द्यायचे नाहीत. त्याच्याकडे फिबाचा परवाना आहे का ते बघायचं, आणि तिकडची साधारण रीत अशी की त्याचं कमिशन क्लब देतो. करारात वाद झाला तर तो कुठे सुटणार हे लिहिलेलं हवं. फिबानं जिनिव्हात त्यासाठी बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनल स्थापलंय, त्याचं नाव करारात असलं की पगार थकवणारा क्लब जरा जपून वागतो. आणि दुसऱ्या देशात खेळण्याआधी आपल्या फेडरेशनचं क्लिअरन्सचं पत्र लागतं, ते विमानाच्या तिकिटाआधी. गेल्या वर्षी तुझ्यासारख्याच एका मुलाच्या वडिलांनी एकाला लाखाच्या घरात रक्कम दिली, मुलगा अजून इथेच सराव करतोय.

नवा व्हिडिओ बनव. गाणं नको. सहा मिनिटं चालेल, पण प्रत्येक क्लिप बास्केट होण्याआधी आठ सेकंद सुरू होऊ दे आणि झाल्यानंतर पाच सेकंद चालू दे. तू बास्केट केल्यावर परत कसा धावतोस हे बघायला प्रशिक्षक बसलेला असतो. तुझ्या एकतीसमधली एक, बाविसावी, मला आवडली होती. बास्केट झाल्यावर तू मागे पळताना कोपऱ्यातल्या मोकळ्या माणसाकडे बोट दाखवून ओरडलास, आणि तुमच्या मुलानं जाऊन त्याला गाठलं. क्लिप तिथेच कापलीस. मी असतो तर तिथून सुरू केली असती.

तोपर्यंत २०१९ची स्पेनमधल्या विटोरियातली युरोलीग फायनल शोध, सीएसकेए विरुद्ध इस्तंबूलचा एफेस, ९१–८३. पहिल्यांदा मजेत बघ. दुसऱ्यांदा हाइन्स मैदानात असेल तेव्हा फक्त त्याच्याकडे बघ, चेंडू कुठे आहे ते विसर. कठीण जाईल, डोळे आपोआप चेंडूमागे पळतात. त्याचे स्क्रीन मोज, आणि त्यांतल्या किती वेळा चेंडू त्याच्याकडे आला तेही लिहून आण.

शनिवारी सकाळी सव्वासहाला शाळेच्या कोर्टवर ये. सातला तिथे स्कूल बस लागायला लागतात. सिमेंट आहे, जुने बूट घाल. आणि येताना त्या गार्डला घेऊन ये, सातव्या क्लिपमधल्या. त्याला म्हणावं, पन्नास स्क्रीन लावून मिळणार आहेत. चहा-पोहे माझ्याकडून.

तुझा,
सर

ता. क. आईनं फोनवर विचारलं, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष सोडायचं का. मी नाही म्हणून सांगितलंय. रागावू नकोस, हाइन्सनंही चार वर्षं पूर्ण काढली होती.